कोकणात तगतं ते नागपूरच्या गच्चीवर का जळतं

हिरव्या छपरासाठी, म्हणजे गच्चीवर मातीचा थर पसरून केलेल्या लागवडीसाठी, बहुतेक जण आधी सीडम ही मांसल पानांची बुटकी वनस्पती मागतात. जर्मनीत ते ८-१० सेंटीमीटर थरावर वर्षानुवर्षं टिकतं. पण आपल्याकडे, विशेषतः किनारपट्टीवर, जुलैत रात्रीही २५ अंशांच्या आसपास उकाडा असतो आणि थर आठवडेच्या आठवडे ओला राहतो. सीडमचा बुंधा कुजतो. खत घालून ते सावरत नाही.

कोकणात झाड मरतं ते पाणी तुंबून. तिथे रेन लिली आणि रिओ (जांभळ्या पाठीच्या पानांचं शोभेचं झाड) लावा, थर १० सेंटीमीटर पुरे. लिलीचे कंद उन्हाळ्यात गप्प बसतात आणि पहिल्या सरींनंतर फुलतात. कातळसड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या खडकाळ पठारांवरच्या वनस्पतीही हेच करतात, म्हणून डिसेंबरनंतर छप्पर तपकिरी दिसलं तर घाबरू नका. सड्यावरची रोपं मात्र उपटून आणू नका.

विदर्भात गोष्ट उलटी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, पातळ थर तापतो आणि मुळं भाजतात. तिथे १५ सेंटीमीटर थर हवा, वर वाळक्या पानांचं आच्छादन. कोरफड, पानफुटी, चिनी गुलाब, गवती चहा तगतात. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा, चौरस मीटरला ५-६ लिटर पाणी, तेही संध्याकाळी. गवती चहाला याहून थोडं जास्त लागतं.

काळी माती कुठेच नको: फुगते, भेगाळते, निचरा अडवते. विटांचा चुरा ५ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३, कंपोस्ट २ हे मिश्रण बरं. साधी माती भिजली की १० सेंटीमीटर थराचंच वजन चौरस मीटरला १६० किलोच्या वर जातं, आणि वावरायच्या गच्चीवर माणसं-सामानाचा भार साधारण चौरस मीटरला १५० किलो धरलेला असतो. म्हणून रोपं आणण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गच्चीत ४८ तास पाणी साठवून गळती तपासा. मगच मुळं अडवणारी मूळरोधक शीट, पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे ड्रेन सेल, माती अडवून पाणी जाऊ देणारं जिओटेक्स्टाइल कापड आणि वर मिश्रण. पाणी बाहेर जाण्याच्या तोंडाभोवती ३० सेंटीमीटर नुसती खडी ठेवा, नाहीतर कोकोपीट जाळीत अडकून पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीचं तळं होतं.

बांबू लावूच नका. पिंपळ, वड, उंबर लावावे लागत नाहीत, पक्षी आणतात. महिन्यातून एकदा फिरून रोप दोन पानांवर असतानाच मुळासकट काढा. नुसतं कापलं तर खालून पुन्हा फुटतं आणि तोवर मूळ कोब्यात शिरलेलं असतं.