ब्लॉकेज 40 टक्केच होतं, मग अटॅक कसा आला?

मी रक्तवाहिन्यांच्या पेशींवर काम करते हे कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. "अँजिओग्राफीत ब्लॉकेज 40 टक्केच होतं हो, गोळ्यांवर भागेल म्हणाले होते. मग अटॅक आलाच कसा?" सूर बहुतेकदा असा, की कुणीतरी फसवलं. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

फसवलं कुणी नाही. अँजिओग्राफीत दिसते ती रक्ताला उरलेली वाट. भिंतीत साचलेला प्लाक, म्हणजे चरबीचा थर, किती मजबूत आहे, ते त्यात कळत नाही. आणि बहुतेक अटॅक वाट हळूहळू बुजून येत नाहीत. गळू फुटावं तसा प्लाक फुटतो, आतला ऐवज रक्ताला लागतो आणि त्यावर गुठळी धरते. 80 टक्क्यांचा प्लाक वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो (चालताना छाती भरून येते ती त्याच्यामुळे), आणि 40 टक्क्यांचा एका सकाळी फुटू शकतो.

प्लाकचा छेद मायक्रोस्कोपखाली पाहिला की हे लगेच पटतं. ट्रायक्रोम रंग दिला की कोलॅजेन, म्हणजे बळकटी देणारं तंतुमय प्रथिन, निळं दिसतं. मधोमध चरबीचा गाभा, त्यात सुयांसारख्या रिकाम्या फटी. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते, स्लाइड तयार करताना विरघळून गेले. रक्ताच्या बाजूला एक निळी पट्टी असते, तेच तंतुमय आवरण. ते 65 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण पंधराव्या भागाहून पातळ झालं की धोक्याचं मानतात. फाटतं ते बहुधा कडेला, जिथे आवरण शेजारच्या भिंतीला मिळतं आणि मॅक्रोफेज या संरक्षक पेशी दाटीने बसलेल्या असतात.

हे आवरण एकदा तयार झालं की संपलं, असं नसतं. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी कोलॅजेन बनवत राहतात आणि मॅक्रोफेज ते कापणारी एन्झाइम्स सोडत राहतात. कोणाची सरशी होणार, हे त्या पेशींत कोणती जनुकं चालू आहेत यावर ठरतं. जनुकं सगळीकडे तीच. चालू-बंद करतात ती नियामक प्रथिनं. शिवाय जेमतेम 22 अक्षरांचे मायक्रोआरएनए असतात, ते जनुकाकडून निघालेला संदेशच अडवतात. त्यांतला एमआयआर-29 कोलॅजेनचे संदेश दाबतो. उंदरांत त्यालाच अडवलं तर आवरण जाड झालं.

माझं आवडतं उदाहरण केएलएफ4 या नियामकाचं. रक्ताला लागून असलेल्या अस्तरपेशींत तो दाह आवरतो, आणि रक्त सरळ, एकसारखं वाहत असेल तर तो कामावर असतो. धमनीच्या फाट्यापाशी प्रवाह विस्कटतो, संरक्षण ढिलं पडतं. प्लाक अशाच जागी साचतात. म्हणजे भला गडी. पण 2015 मध्ये उंदरांच्या फक्त स्नायूपेशींतून तो काढून टाकला, तर प्लाक लहान झाले आणि आवरण जाड! पुढच्याच वर्षी त्याच पेशींतून ऑक्ट4 हा दुसरा नियामक काढला, तेव्हा मात्र प्लाक बिघडले. त्यामुळे "हार्टचं वाईट जनुक" असलं काही वाचलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या पेशीत?

यावर लगेच विचारतात, "मग जनुकांची टेस्ट करून घेऊ का?" घरात लहान वयात अटॅक आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) अफाट, असं असेल तर डॉक्टरांशी जरूर बोला. एरवी रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं ते जन्मजात काय मिळालं एवढंच. भिंतीच्या त्या तुकड्यात आज काय चालू आहे, ते नाही.

नियामकांवरचं औषध मात्र कित्येकांच्या घरात आहे. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीमुळे यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी पडतं, तसा एसआरईबीपी-2 हा नियामक केंद्रकात जातो आणि एलडीएल रिसेप्टरचं, म्हणजे एलडीएल पकडणाऱ्या प्रथिनाचं, जनुक जोरात चालवतो. रिसेप्टर वाढले की रक्तातलं एलडीएल ओढून घेतलं जातं. धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेल्या ओसीटी चित्रांत स्टॅटिनवर आवरण जाड होताना दिसलं आहे. वाट तेवढीच राहिली तरी. म्हणून "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, आता गोळी बंद करू ना?" याला माझं उत्तर नाही असंच असतं. ते नॉर्मल आलंय गोळीमुळे. गोळी थांबली की एसआरईबीपी-2 पुन्हा सुस्तावतो, आणि काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी.