बर्लिन : कलम १७५ च्या मागावर

बर्लिनच्या टिअरगार्टन उद्यानाच्या कडेला, होलोकॉस्ट स्मारकासमोरचा रस्ता ओलांडला की झाडांखाली काँक्रीटचा एक करडा, किंचित कललेला ठोकळा दिसतो. त्याच्या छोट्याशा खिडकीतून एका वेळी जेमतेम एकदोघांना आत पाहता येते आणि आत चुंबन घेणाऱ्या जोडप्याची चित्रफीत चालू असते. नाझींनी छळलेल्या समलिंगींचे हे स्मारक २००८ साली उभे राहिले. इतका उशीर का झाला, हाच प्रश्न मला पुढे बर्लिनजवळच्या ओरानिएनबुर्गला घेऊन गेला.

समलैंगिक पुरुषांना गुन्हेगार ठरवणारे कलम १७५ हिटलरच्या आधीचे, १८७१ सालचे. नाझींनी १९३५ मध्ये त्याची व्याप्ती इतकी वाढवली की, प्रत्यक्ष स्पर्श झाला नसला तरी खटला उभा राहू लागला. सुमारे एक लाख पुरुषांना अटक झाली, त्यांपैकी निम्म्यांना शिक्षा झाली आणि पाच ते पंधरा हजारांची रवानगी छळछावण्यांत करून त्यांच्या छातीवर ओळखखूण म्हणून गुलाबी त्रिकोण शिवण्यात आला.

ओरानिएनबुर्गची साक्सेनहाउसेन छावणी पाहायला गर्दी असते. तिच्या वीटभट्टीच्या जागेकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. १९४२ च्या उन्हाळ्यात याच वीटभट्टीवर सुमारे दोनशे समलिंगी कैद्यांना ठरवून ठार मारण्यात आले. तिथे उभा असताना मला अधिक अस्वस्थ केले ते युद्धानंतरच्या इतिहासाने. हुकूमशाही गेली, पण पश्चिम जर्मनीने नाझींनी कडक केलेले ते कलम १९६९ पर्यंत जसेच्या तसे ठेवले, १९५७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते वैधही ठरवले आणि त्याखाली आणखी सुमारे पन्नास हजार पुरुषांना शिक्षा झाल्या. छावणीतून जिवंत सुटलेला माणूस आपली कहाणी सांगणार तरी कोणाला? तोंड उघडणे म्हणजे (कित्येकदा त्याच जुन्या न्यायाधीशांपुढे) गुन्हा कबूल करणे. त्यांचा विसर पडला असे आपण सहज म्हणतो. मला तो कायद्याने लादलेला वाटतो.

कलम पूर्णपणे रद्द झाले १९९४ मध्ये. नाझीकाळातील शिक्षा २००२ मध्ये रद्दबातल ठरल्या, लोकशाहीने दिलेल्या शिक्षांसाठी मात्र २०१७ उजाडले. तेव्हा ठरलेली भरपाई अशी : प्रत्येक शिक्षेमागे ३,००० युरो आणि तुरुंगातील प्रत्येक वर्षामागे आणखी १,५००, तोवर बहुतेक हक्कदार हयात नव्हते.