दिसली का?

काल ॲडमिरल रोडवर मी खोटं बोलले. तेही कशावरून, तर दहा ग्रॅमच्या एका पक्ष्यावरून.

पहाटे चारला मिनिॲपोलिसहून निघाले, तीन तास गाडी हाणत सॅक्स-झिम बॉग गाठलं, उत्तर मिनेसोटातलं दलदलीचं जंगल. उणे सव्वीस. नवरा या वेळीही आला नाही. असो. रोडवर पक्ष्यांना खाणं ठेवतात त्या फीडरपाशी सात-आठ जण खांबासारखे उभे. फांदीवर कुणीतरी पीनट बटर फासून ठेवलेलं. बोरिअल चिकडी त्यालाच येते. आपल्या वल्गुलीच्या गोतातली. काळ्या टोपीच्या चिकडी तिथे पैशाला पासरी, मला हवी होती तपकिरी टोपीची.

अचानक सगळ्यांच्या दुर्बिणी एकदम वर. मीही उचलली आणि नेमका तेव्हाच श्वास सोडला. भिंगावर पांढरा थर. नखानं खरवडेपर्यंत स्प्रूसची फांदी नुसती हलत होती. शेजारचे आजोबा, मिशीवर बर्फ, डोळे चमकत, "दिसली का?"

"हो! किती सुंदर!"

"हो" एकवेळ ठीक. "सुंदर" कशाला? कुणी मागितलं होतं? आजोबांनी खुशीत थर्मासमधली कॉफीही दिली. प्याले मी ती.

चौथा हिवाळा हा. मोठं करडं घुबड तर नेहमीच 'काल इथेच बसलं होतं'. २००४-०५ मध्ये उत्तरेकडे उंदरांची टंचाई झाली आणि ही घुबडं हजारोंनी मिनेसोटात उतरली. रस्त्याकडेच्या खांबांवर बसायची म्हणे. मी तेव्हा पुण्यात, बारावीच्या क्लासला. माझं टायमिंग जन्मजातच.

परतताना गाडीत बसून यादी भरली. काळ्या टोपीवाल्या बावीस, 'कॅनडा जे' पक्षी तीन, काळ्या पाठीचा सुतारपक्षी एक (मेलेल्या झाडाची साल सोलत बसला होता, त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं). बोरिअलपुढे बोट थांबलं. तपकिरी काहीतरी दिसलं होतं खरं. पण पीनट बटरही तपकिरीच असतं.

"सुंदर" म्हणे!

रकाना रिकामाच ठेवला. म्हणजे फेब्रुवारीत पुन्हा जाणं आलं. आजोबा तिथेच असणार, दर शनिवारी येतात म्हणाले. आणि समजा तेव्हा चिकडी खरंच समोर येऊन बसली, तर मला त्यांच्या शेजारी उभं राहून, जांभई देत, "हो, तीच ती" असं म्हणावं लागणार.