जाहिरात ग्रंथपालाची होती

गेल्या महिन्यात एका खासगी महाविद्यालयात ग्रंथपालपदाच्या मुलाखतीला गेले होते. ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, पुस्तकांचे वर्गीकरण-तालिकीकरण (विषयवार विभागणी आणि सूची करणे) यांचा अनुभव आणि ‘कोहा’ या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीची माहिती, या जाहिरातीतल्या तिन्ही अटी मी पूर्ण करत असल्यामुळे मोठ्या उमेदीने दोन रात्री बसून जुन्या संग्रहाची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने कशी करता येईल, याची चार पानी योजनाही लिहून नेली होती.

ती पाने पिशवीतच राहिली. वीस मिनिटांत पुस्तकांविषयी एकच प्रश्न आला. बाकी सारी चौकशी महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या भेटीसाठी फायली तयार करणे, प्रवेशाच्या दिवसांत पालकांना फोन करणे आणि परीक्षा विभागात मदतीला बसणे यांविषयी होती. ‘नॅक’च्या मूल्यांकनात ग्रंथालयाचा विचार होतो, त्यामुळे त्या कामाला माझा आक्षेप नाही, परंतु फाईल ग्रंथालयाच्या कामातून तयार व्हायला हवी, कामाऐवजी नव्हे.

मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटापाशी जाऊन पुस्तक निवडण्याची मुभा, आहे का, असे मी विचारले. “पुस्तकं हरवतात मॅडम, त्यामुळे कपाटं कुलपातच असतात. मुलं नाव सांगून मागतात,” असे उत्तर मिळाले.

निघताना विनंती करून ग्रंथालय पाहिले, आणि खरे वाईट तिथे वाटले. पुस्तकांच्या पाठीवर केवळ खरेदीनंतर नोंदवहीत पडणारे दाखल क्रमांक होते, विषय सांगणारा वर्गांक कुठेच नव्हता. ड्यूई दशांश या वर्गीकरणाच्या पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. तो घातला असता, तर कविता, कादंबऱ्या, नाटके एका ठिकाणी आली असती. इथे ज्या क्रमाने खरेदी झाली त्याच क्रमाने, हिशेबशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांना खेटून कवितासंग्रह उभे होते. ज्या मुलाला पुस्तकाचे नावच ठाऊक नाही, त्याने काय मागायचे? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी तिसरा नियम सांगतो की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, आणि माझ्या मते ती भेट घडवून आणणे हेच ग्रंथपालाचे पहिले काम आहे.

दोन दिवसांनी निवड झाल्याचा फोन आला. दिवसातले किती तास ग्रंथालयासाठी मिळतील, हे लेखी कळवावे, असे मी म्हटले. “ते रुजू झाल्यावर बघू,” असे उत्तर आल्यावर मी नकार कळवला. नोकरीची गरज होती, आजही आहे. पण त्या कुलूपबंद कपाटांशेजारी बसून प्रवेशाचे फोन करत राहणे मला जमले नसते.