तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्डात जमलेलं प्रेम

"दोन पेशंटचं मानसोपचाराच्या वॉर्डात जमलं तर त्यानं ते लवकरच बरे होतील ना? मग तुम्ही मध्ये का पडता?" हे इतक्यांदा ऐकलंय की एकदाचं सांगून टाकते.

प्रेम मोडायला आम्ही मध्ये पडत नाही. मॅनियात, म्हणजे मन अति उत्तेजित होतं त्या आजारात, झोप उडते, कामेच्छा वाढते, परिणामांचं भान सुटतं. त्या दिवसांत दिलेला होकार पुढे त्याच माणसाला आपला वाटत नाही. म्हणून वॉर्डात शरीरसंबंधाला मनाई, आणि त्यावर मी ठाम आहे.

पण अशा नात्यानं कुणी बरं होत नाही, असं मी पूर्वी म्हणायचे, ते चुकलंच. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या बायकांचा अभ्यास १९७८ साली मांडला. संकट कोसळल्यावर जिला मन मोकळं करायला जवळचा जोडीदार होता, ती डिप्रेशनमध्ये जाण्याचं प्रमाण कमी होतं. वॉर्डात "मला आवाज ऐकू येतात" म्हटल्यावर समोरचा दचकत नाही, कारण त्यालाही येतात. ते आम्हाला नाही जमत.

घात होतो तो डिस्चार्जला. एक घरी जातो, दुसरा आतच राहतो. सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीनं फार धोक्याचा. रात्री नऊला फोन ठरलेला असतो. नऊ वाजतात, साडेनऊ होतात. आतला माणूस फोनपासून हलत नाही, ताट तसंच, गोळ्या तळहातावर घामानं विरघळायला लागलेल्या. बाहेरचा औषध घेऊन गाढ झोपलेला असतो, पण आत "मला टाकलं" हे पक्कं झालेलं असतं. म्हणून फोनची वेळ गोळीच्या आधीची ठेवा. उचलला नाही तर दुसरा फोन कुणाला, हे दोघांनीही कागदावर लिहून ठेवा. ते नाव जोडीदाराचं नको. सिस्टरना आधीच सांगून ठेवा.

"तू आता छान आहेस, गोळ्या कशाला?" हे मायेनंच म्हटलं जातं. पण लिथियम, म्हणजे मनाचे चढउतार आवरणारं औषध, एकदम थांबवलं की आजार उलटतो. एकमेकांच्या गोळ्या तर घ्यायच्याच नाहीत. त्याच कामाची आणखी दोन औषधं आहेत: कार्बामाझेपीन आणि व्हॅल्प्रोएट. कार्बामाझेपीन चालू असेल तर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा राहत नाही, आणि व्हॅल्प्रोएटनं गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. इच्छाच उरली नाही, तर प्रेम आटलं असं लगेच धरू नका. डिप्रेशनच्या कित्येक गोळ्यांनी तसं होतं. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

तरीही घरचे "त्यांना वेगळ्या वॉर्डात हलवा" म्हणतात, तेव्हा मी दर वेळी अडखळते. हलवलं तर दोघंही जेवण सोडतात. नाही हलवलं, तर एकाची रात्र बिघडली की दुसऱ्याचीही बिघडते.