जप्ती उठल्याची दवंडी

दिवाणी कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या बेलिफाला स्थावर जप्तीचं वॉरंट बजावायला सोपं वाटतं, कारण उचलून आणायचं काहीच नसतं. शेत जागच्या जागी राहतं, सातबाऱ्यावरचं नाव तेच, कसणाराही तोच. हुकूम एवढाच की ही जमीन विकायची नाही, गहाण टाकायची नाही, कुणाला बक्षीस द्यायची नाही आणि दुसऱ्या कुणी ती घ्यायचीही नाही. पण हा हुकूम दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या आदेश 21, नियम 54 प्रमाणे चारचौघांत जाहीर करावा लागतो. मिळकतीवर किंवा तिच्या लगत हलगी वाजवून पुकारा करायचा. हुकमाची एक प्रत मिळकतीवर ठळक जागी लावायची, एक कोर्टाच्या इमारतीवर. सारा भरणारी जमीन असेल तर एक कलेक्टर कचेरीत, आणि गावातली असेल तर एक ग्रामपंचायतीत.

मी बेलीफ म्हणून बजावलेलं हे परभणी जिल्ह्यातलं प्रकरण. मोंढ्यातल्या एका आडत्याचा पैशाचा हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा निकाल, समोर कोरडवाहू शेतकरी, जप्तीला लावलेलं दोन एकर. वैशाख चालू होता, मृग तोंडावर आलेला.

अशा कामात हलगीवाला आदल्या दिवशीच ठरवून ठेवावा लागतो. बलुतेदारीत हे काम ठरावीक घरांवर लादलेलं होतं. आता त्या घरांतली पोरं वरातीत हलगी वाजवतील, जप्तीला नाही म्हणतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. म्हणून शेजारच्या गावचा म्हातारा भत्ता देऊन नेला. पंचांचंही तेच दुखणं. गावातला माणूस पंचनाम्यावर सही करत नाही, कारण संध्याकाळी त्याला त्याच पारावर बसायचं असतं. दोन पंच मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

आडत्याचा मुनीम मिळकत दाखवायला बरोबर होता. गट नंबर, चतुःसीमा दाखवणं हे त्याचं काम. पण गावात शिरताच तो म्हणाला, "मारुतीच्या पारावर वाजवू की, तिथं माणसं असतात." त्याचं गणित पक्कं होतं. जमिनीचा लिलाव म्हणजे त्याच आदेशातल्या नियम 66 खालचा विक्रीचा जाहीरनामा, किंमत, हरकती, तारखांवर तारखा. एवढं होऊन गावातला कुणी भावकीच्या भीतीनं बोलीच लावत नाही. आडत्याला दोन एकर नकोच असतात. पैसा येतो तो बोभाट्याच्या धाकानं. मी मुनमाला सांगितलं, नियमात मिळकत लिहिली आहे, पार नाही. हलगी बांधावर वाजेल.

बांधावर शेतकरी बैलजोडी सोडून उभा होता. कासरा माझ्या हातात देत म्हणाला, "साहेब, हे बैलं न्या. हलगी तेवढी नका वाजवू. सोयरिकीचं बोलणं चालू हाय लेकीच्या."

बैल घेता येत नाहीत. त्याच संहितेचं कलम 60 वाचलं तर कळतं की पैशाच्या हुकूमनाम्यात काय काय सुटतं: शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागतील तेवढी जनावरं आणि बी-बियाणं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, गरजेचे कपडे, धर्माच्या रीतीनं बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. शेतकऱ्याचं राहतं घरसुद्धा. कलम 62 प्रमाणे जंगम जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरता येत नाही, आणि पडदा पाळणारी बाई खोलीत असेल तर तिला बाहेर निघायला वाव द्यावा लागतो. थोडक्यात, कायद्यानं पोट राखलंय, घरातली मर्यादाही राखलीय. चारचौघांतलं नाव मात्र त्या यादीत कुठं नाही. माणूस बैल द्यायला तयार आणि कायदा बैल घ्यायला तयार नाही, असं ते उफराटं होतं.

हलगी वाजली, पुकारा झाला. कागदावरच्या हुकमाचा अर्थ "विकू नका" एवढाच. दिवस मावळेपर्यंत गावात त्याचं "जमीन गेली" झालं होतं. कृषी केंद्रवाल्यानं सोयाबीनच्या बॅगा आणि डीएपी उधार द्यायला नकार दिला. दरवर्षी तो तोंडी हिशोबावर द्यायचा. सोयरिकीवाले "बघू दिवाळीनंतर" म्हणाले. बेअब्रूचं नुकसान लोक मनातलं समजतात, इथं ते थेट पेरणीवर आलं.

मेहुण्याकडून उसने घेऊन आणि घरातली तूर मोडून त्यानं पैसे उभे केले. इथं हमखास घोटाळा होतो. लोक मोंढ्यात जाऊन मुनमाच्या हातावर रोख ठेवतात आणि पावती मागायला लाजतात. कोर्टाबाहेर दिलेला पैसा नियम 2 प्रमाणे कोर्टात नोंदवला गेला नाही, तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली, चालवणारं कोर्ट तो धरतच नाही, आणि जप्ती तशीच उभी राहते. ह्याच्या वकिलानं खर्चासकट सगळी रक्कम चलनानं कोर्टात भरायला लावली.

रक्कम भरली की नियम 55 प्रमाणे जप्ती उठली असं धरतात. बहुतेक जण तिथूनच घरी जातात. हा कोर्टाच्या व्हरांड्यात उभा राहून विचारत होता, "मंग हलगी कवा?" वकिलाला आधी चेष्टा वाटली. पण नियमाच्या पोटात ते लिहिलेलंच आहे: स्थावर मिळकत असेल आणि ऋणकोची, म्हणजे देणेकऱ्याची, इच्छा असेल, तर जप्ती उठल्याचा पुकारा त्याच्या खर्चानं करायचा आणि प्रती आधीसारख्याच लावायच्या. हे मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. लेखी अर्ज झाला, आदेश झाला, भत्ता भरला गेला.

हलगीवाला तोच म्हातारा. या खेपेला गावातलेच दोघं पंच व्हायला आपणहून पुढं आले. बांधावर पुकारा झाला, "ऐका हो ऐका, रक्कम कोर्टात जमा झाली, जप्ती उठली हो." पंचनामा लिहून झाला. मी कागद गुंडाळतोय तोवर शेतकऱ्यानं म्हाताऱ्याच्या हातात वेगळे पैसे ठेवले आणि त्याला घेऊन मारुतीच्या पाराकडे निघाला. मुनमाला नाकारलेली जागा आता हा स्वतःच मागत होता. माझ्या अहवालात बांधच आहे. पारावरची हलगी त्याची खासगी.

वाटेत त्याला सांगितलं, आधी तलाठ्याकडे जा. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात जप्तीची नोंद चढली असेल, तर ती हलगीनं उतरत नाही. कोर्टाच्या आदेशाची खरी नक्कल जोडून अर्ज द्यावा लागतो, फेरफार व्हावा लागतो. तो म्हणाला, "तलाठ्याचं कोन वाचायलंय साहेब. हलगी समद्यायनी ऐकली पायजे."

कृषी केंद्रवाल्यानं तेव्हाच बॅगा दिल्या. पण बँकेचा माणूस पाराजवळ नसतो. पीककर्जाच्या वेळी सातबारा पाहून त्यानं फाईल परत केली, आणि शेतकरी नकलेचा अर्ज घेऊन पुन्हा कोर्टाच्या खिडकीला आला.