लेस्टरचा बेलग्रेव्ह रोड

आज इंग्लंडमधल्या लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर मेथी घ्यायला गेले. दुकानदारकाका कंपालाचे; हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा शाळकरी पोर होते. त्या वेळी याच शहराच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती, लेस्टरला येऊ नका म्हणून! तरी हजारो आले, कारखान्यांत राबले, दुकानं थाटली. २०२१च्या जनगणनेत इथे आशियाई ४३.४ टक्के, गोरे ४०.९. काका गुजरातीत भाव सांगत होते, शेजारची सोमाली बाई जुडी निवडत होती. बाहेरच्यांनी शहर बिघडवलं असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, या रस्त्याला बरकत आणली ती याच माणसांनी!